सोन्याच्या फटीतली अभिक्रिया

सोन्याच्या कणांमधल्या फटींत चालणारी रासायनिक अभिक्रिया प्रकाशाने कशी पाहायची, ते इथे सांगतो. हा तांबडा द्राव सोन्याचा आहे. 0.01 टक्के क्लोरोऑरिक आम्लाचा (सोन्याच्या संयुगाचा) 100 मिलिलिटर द्राव उकळत ठेवून त्यात 1 टक्का सोडियम सायट्रेटचा 1 मिलिलिटर एका दमात ओतला, की सुमारे 40 नॅनोमीटरचे कण तयार होतात. सायट्रेट कमी, तर कण मोठे. भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेली हवीत. द्राव जांभळा-निळा झाला तर कण गोळा झालेत. तो टाकून द्यावा.

थेंब सिलिकॉनच्या चकतीवर वाळवला. आता कणाला कण लागून आहे, आणि सगळी गंमत मधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटींत आहे. लेसर पडताच तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं, आणि एरवी न दिसणारा रामन संकेत (रेणूंनी रंग बदलून विखुरलेला, त्यांची ओळख सांगणारा प्रकाश) लाखो पटींनी उजळतो. 1974 साली साउदॅम्प्टनमध्ये खरबरीत चांदीवर असा संकेत प्रथम मिळाला, तेव्हा श्रेय निव्वळ वाढलेल्या पृष्ठभागाला दिलं गेलं. ते अपुरं होतं, हे 1977 मध्ये कळलं.

चकती आता इथेनॉलमधल्या 1 मिलिमोलर 4-नायट्रोथायोफेनॉलमध्ये काही तास ठेवायची. हा ज्याची अभिक्रिया पाहायची तो रेणू: एका टोकाला गंधक, दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. गंधकाच्या टोकाने तो सोन्याला धरतो. न चिकटलेले रेणू इथेनॉलने हलक्या हाताने धुऊन काढायचे; जोर लावला तर थरच सुटतो.

रामन संकेताच्या वर्णपटात 1335 प्रतिसेंटीमीटरजवळचं (विखुरताना प्रकाशाची ऊर्जा किती बदलली, त्याचं हे माप) शिखर नायट्रो गटाचं. सोडियम बोरोहायड्राइड (क्षपण करणारं रसायन) घातलं की ते खचू लागतं: नायट्रोचा अमिनो होतोय. बोरोहायड्राइड दर वेळी ताजं, थंड पाण्यात विरघळवायचं. पाण्यात त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि बुडबुडा लेसरच्या वाटेत आला की अख्खा वर्णपट खाली बसतो. म्हणून 1335ची उंची एकटी वाचू नये; फारशा न बदलणाऱ्या 1080च्या शिखराशी गुणोत्तर काढावं.

खरी फसगत पुढे आहे. 1140, 1390 आणि 1435 ही शिखरं वर आली, तर दोन रेणू नायट्रोजनच्या टोकांनी जोडून अॅझो संयुग बनलंय. ते लेसरच्या उजेडात धातूच घडवतो. ही शिखरं बराच काळ अमिनो रेणूचीच समजली जात होती! तेव्हा तेवढ्याच शक्तीच्या लेसरखाली बोरोहायड्राइडविना एक नमुना तपासायचाच. तिथेही शिखरं आली तर शक्ती कमी करा, 532 नॅनोमीटरऐवजी 785चा लेसर वापरा.

शिवाय बोरोहायड्राइडच्या अभिक्रियेला सोनं स्वतःच उत्प्रेरक. प्लॅटिनमचं काम पाहायचं असेल, तर सोन्यावर दोनेक नॅनोमीटरचं सिलिकाचं कवच चढवून वर प्लॅटिनमचे कण बसवतात. कवच जाड झालं की संकेत झपाट्याने मरतो. पातळ राहिलं तर छिद्रं उरतात. त्यात भर म्हणजे बोरोहायड्राइडच्या अल्कधर्मी द्रावात सिलिका हळूहळू विरघळते. म्हणून नुसतं कवच असलेला, प्लॅटिनमविना नमुना त्याच द्रावात सोबत ठेवावा, आणि शेवटी त्यावर पिरिडीन (उघड्या सोन्याला चिकटणारा रेणू) सोडावं. पिरिडीनची शिखरं दिसली, तर कवच फुटलंय. ती मोजणी बाद.