छातीतल्या पाण्यातून आलेल्या पेशी

नमस्कार श्रोतेहो.

ब्लड कॅन्सर म्हटलं की केमो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट हे शब्द आता घराघरांत माहीत आहेत. आज बोलायचं आहे ते आपल्याच रक्तात फिरणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींबद्दल. डॉक्टर त्यांना एनके पेशी म्हणतात. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एचएलए नावाची खूण असते. ती दिसली की एनके पेशी हात आवरते. दिसली नाही, तर हल्ल्याला मोकळी होते. पुन्हा सांगतो: खूण आहे, तर सोडते, खूण नाही, तर मारते. स्वीडनच्या क्लास शेरे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज माइकसमोर बसलो आहे, ती ऐका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचं शहर आहे. १९७० साली तिथे त्रेपन्न वर्षांची एक बाई ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, अगदी शेवटच्या टप्प्यात होती. छातीत पाणी झालं होतं. त्या पाण्यातल्या कॅन्सरच्या पेशी कार्मेन आणि बिस्मार्क लोझिओ या संशोधकांनी काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या वाढतच राहिल्या. नाव पडलं के-५६२. बाईंचं नाव मात्र जगाला ठाऊक नाही. लोझिओंनी या पेशींची माहिती १९७५ साली प्रसिद्ध केली, आणि एनके पेशींची पहिली वर्णनंही त्याच वर्षी छापून आली!

पुढे लक्षात आलं, की के-५६२च्या अंगावर ती खूण जवळजवळ नाहीच. म्हणजे एनके पेशींसाठी आयतं सावज. तेव्हापासून कोणाच्या एनके पेशींत किती दम आहे हे पाहायचं, तर समोर के-५६२ ठेवायच्या. या पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरायचं, एनके पेशींबरोबर त्या चार तास ठेवायच्या, आणि बाहेरच्या द्रवात किती क्रोमियम आलं ते मोजायचं. पेशी फुटली, तरच ते भराभर बाहेर येतं. जगभरच्या प्रयोगशाळांत ही चाचणी वर्षानुवर्षं चालत आली आहे.

आणि मग २००५ साली, त्याच टेनेसी राज्यात, मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात दारिओ काम्पाना यांच्या गटाने या सावजालाच कामाला लावलं. के-५६२च्या अंगावर त्यांनी दोन रेणू बसवले: इंटरल्युकिन-१५ आणि ४-१बीबी लिगंड. दोन्ही एनके पेशींना चेतवणारे. आधी किरणांचा मारा करून के-५६२ची वाढण्याची ताकद काढून घ्यायची, मग एनके पेशींत सोडायच्या. तालमीत नव्या पैलवानाला जोडीदार देऊन तयार करतात, तसंच हे. आठवड्याभरात एनके पेशी साधारण वीसपट झाल्या, आणि ल्युकेमियाच्या पेशींवर जास्त जोमाने तुटून पडू लागल्या. ज्या आजाराने ती बाई गेली, त्याच आजाराच्या पेशी आज त्या आजाराचे मारेकरी घडवतात. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण दर वेळी अंगावर काटा येतो.

इथे एक सांगतोच. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून जे काढे आणि गोळ्या विकतात, त्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांना न विचारता असलं काही देऊ नका. मदत करायची असेल, तर प्लेटलेट द्या. दिलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून दाते सतत लागतात.

तर, एनके पेशींना आधी चेतवायचं कशासाठी? सेंट ज्यूडमध्येच ल्युकेमिया झालेल्या दहा मुलांना नातेवाइकांच्या न वाढवलेल्या एनके पेशी दिल्या होत्या. २०१० साली प्रसिद्ध झालेले निकाल फार आशादायक होते. पण पुढच्या मोठ्या अभ्यासात नुसत्या केमोपेक्षा फायदा दिसला नाही. नुसत्या पेशी पुरत नाहीत, त्यांना आधी तयार करावं लागतं, असं माझं मत आहे. अमेरिकेतल्याच सेंट लुइस शहरात दात्याच्या एनके पेशी इंटरल्युकिन-१२, १५ आणि १८ या चेतवणाऱ्या रेणूंत रात्रभर ठेवून ल्युकेमियाच्या रुग्णांना दिल्या. २०१६ साली आलेल्या अहवालात तपासता आलेल्या नऊ रुग्णांपैकी पाच जणांना गुण आला, आणि त्यांतल्या चौघांत आजार पूर्ण आटोक्यात आला होता, डॉक्टर ज्याला कम्प्लीट रिमिशन म्हणतात. रुग्ण थोडे आहेत, हे विसरू नका. पण हे सगळे असे होते, ज्यांचा आजार उलटला होता किंवा औषधाला दाद देत नव्हता.

या पेशी दुसऱ्याच्या असल्या, तरी सहसा रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. म्हणजे निरोगी दात्याकडून घेऊन, वाढवून, गोठवून तयार ठेवता येतील. अडचण एकच, पण मोठी: गोठवून पुन्हा वितळवल्यावर बऱ्याच पेशी मरतात आणि उरलेल्यांचा जोर ओसरतो. सध्या अनेक प्रयोगशाळा याच्याच मागे लागल्या आहेत.

नमस्कार.