आभाळात होडी घालणाऱ्यांचा गेम

नमस्कार मंडळी. आज एका जुन्या गेमची भलामण करायला बसलोय, आणि जुना म्हणजे किती तर ऑक्टोबर २००० मध्ये जपानात आलेला, म्हणजे तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नसतील. नाव स्काईज ऑफ आर्केडिया. जपानात एटर्नल आर्केडिया म्हणतात. सेगा कंपनीचा गेम आहे, जपानी पद्धतीचा आरपीजी, म्हणजे तीन-चार जणांची टोळी घ्यायची, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, आळीपाळीने वार करत लढायचं आणि गोष्ट पुढे सरकवायची. ह्या जातीचं नाव काढलं की लोक फायनल फँटसीवर येऊन थांबतात, आणि हा बिचारा राहून जातो.

राहून का गेला ते आधी सांगतो, कारण त्यात गेमचा काही दोष नाही. तो आला सेगाच्या ड्रीमकास्ट मशिनवर. अमेरिकेत पोचला नोव्हेंबर २००० मध्ये, तेव्हा तिथे सोनीचं प्लेस्टेशन टू नुकतंच आलेलं, लोक त्याच्या मागे, त्यात फायनल फँटसीचा नववा भागही त्याच महिन्यात आला, आणि पुढे जानेवारीच्या शेवटच्या दिवशी सेगाने जाहीर करून टाकलं की ड्रीमकास्ट बनवणं बंद. म्हणजे लग्नाची पंगत बसलीय आणि आचारी चूल विझवून निघाला, तसं झालं. मग निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर तो परत आला, लेजेंड्स असं शेपूट लावून, २००२ च्या अखेरीस जपानात आणि २००३ मध्ये बाकीकडे. प्लेस्टेशन टू वर आणायचंही ठरलेलं, ते बारगळलं. त्यानंतर काहीच नाही.

माझ्याकडे तो गेमक्यूबवालाच आला. न्यू जर्सीतला मामेभाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याचं जुनं मशीन माझ्यासाठी घेऊन आला, सोबत चार डिस्क, त्यातली ही एक, आणि वर म्हणाला की ही जरा बोअर आहे रे, मी दोन तासांत सोडली. मी इतका उतावळा की अडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलंय ते वाचलंच नाही, सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसला. फट्. जळका वास, घरभर अंधार, आणि आई स्वयंपाकघरातून जे काही बोलली ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. मग लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरा अडॅप्टर आणि स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला, त्यात दोन महिन्यांचा पॉकेटमनी गेला, आणि बहुतेक म्हणूनच मी दोन तासांनी तो गेम सोडला नाही. पैसे वसूल करायचे होते.

तर गेम असा. ह्या जगात समुद्र नाही. खाली ढग, वर ढग, मधे तरंगणारी बेटं आणि बेटांमधून फिरणारी जहाजं, शिडं, तोफा, सुकाणू सगळं आपल्या गलबतासारखंच, फक्त पाण्याच्या जागी आभाळ. वर सहा चंद्र, सहा रंगांचे, आणि ज्या मुलखावर जो चंद्र तसा तिथला दगड नि तशी तिथली जादू. तुम्ही आहात वाइस नावाचा सतरा वर्षांचा पोरगा, सोबत बालमैत्रीण आयका, आणि दोघं ब्लू रोग (इंग्रजी rogue, म्हणजे बदमाश, आजार नव्हे) टोळीतले, म्हणजे चाचे, पण फक्त सशस्त्र जहाजं लुटणारे आणि मुख्यतः व्हॅलुआ नावाच्या माजलेल्या साम्राज्याची. सुरुवातीलाच ते व्हॅलुआच्या जहाजावरून फीना नावाच्या एका गूढ मुलीला सोडवतात आणि तिथून सगळं सुरू होतं. (चाचे कोणाला म्हणायचं हे कोण सांगतंय त्यावर असतं. आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज काय म्हणायचे ते आठवा.)

गोष्ट साधी आहे, खरं सांगतो. वाईट साम्राज्य, जादूचे सहा स्फटिक, जग वाचवायचं. ह्यात नवीन काय, काहीच नाही. पण तो वाइस रडका नाहीये हो! त्या काळात जपानी गेमचे नायक म्हणजे कपाळावर केस, भूतकाळात काहीतरी भयंकर, आणि बोलायचं निम्मंच. हा पोरगा संकट आलं की हसतो आणि म्हणतो चला बघू. मधे त्यांना एक म्हातारा भेटतो, ड्रॅकमा, एक हात लोखंडी, आयुष्यभर राकनाम नावाच्या एका प्रचंड देवमाशाच्या मागे लागलेला. त्याच्या जहाजाचं नाव लिटल जॅक आणि ते नाव कुठून आलंय हे कळतं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. पुढचं सांगत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्हाला हा गेम खेळायला सांगतोय तो ह्या गोष्टीसाठी की ह्यातला नकाशा कोरा असतो. हल्लीचे गेम उघडा, नकाशावर दोनशे खुणा आधीच टोचलेल्या, इथे जा, हे उचल, तिथे जा, ते मार, आपण खेळतोय की कुरिअरची डिलिव्हरी करतोय तेच कळत नाही. इथे तसं नाही. तुम्ही जहाज घेऊन नुसते उडत असता, समोर काही दिसत नाही, आणि एकदम खालचं होकायंत्र वेड्यासारखं गरगरायला लागतं. म्हणजे इथे काहीतरी आहे. कुठे ते माहीत नाही. मग वर-खाली, पुढे-मागे करत बटण दाबत राहायचं आणि मग ते सापडतं, कधी चोचीच्या आकाराचा खडक, कधी मसाल्याचं बेट, कधी वाळवंटातलं झाडा-पाण्याचं ठिकाण. त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही. नाही सापडलं तरी गेम संपतो. सापडलं की खलाशांच्या संघाकडे जाऊन ती बातमी विकायची, आणि उशीर केलात तर भाव पडत जातो, त्यामुळे एकीकडे साम्राज्याची फौज मागे लागलेली असताना मी आधी मसाल्याच्या बेटाची बातमी विकायला उलटा फिरलोय, असं अनेकदा झालंय.

आणि जग खरंच उलगडत जातं. आधी आपलं छोटं बेट, मग व्यापाऱ्यांचं बेट, मग वाळवंटी मुलूख, मग जंगल, आणि ज्याच्या पलीकडे कोणी गेलं नाही म्हणतात अशी वादळाची काळी भिंत, ती ओलांडली की पलीकडे एक आख्खा देश. तिथून पुढे जग गोल आहे हे त्या पोरांना कळतं, तो क्षण इतका साधा लिहिलाय, कोणी भाषण देत नाही, पण मला आजही आठवतो.

मधे एकदा जहाज हातचं जातं, सगळ्यांची ताटातूट होते आणि वाइस एकटाच एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडतो. टोळी नाही, जहाज नाही, एकटाच खायला शोधतोय, एक एक दिवस काढतोय. आणि नंतर हेच बेट त्याचा तळ होतं! पुढे मोठं जहाज मिळतं, बावीस माणसं गोळा करायची असतात, आचारी, तोफवाले, टेहळणीवाले, एक विदूषकसुद्धा, आणि तुम्ही एकटे उपाशी पडलेलात त्याच जागी ते सगळे राहायला येतात, घरं उभी राहतात. मी तर उगाच परत परत तिकडे जायचो, काम काही नसायचं.

लढाईचं पटकन सांगतो. अख्ख्या टोळीचा मिळून एकच उत्साहाचा साठा असतो, दर फेरीला थोडा भरतो, त्यातून जादू नि मोठे वार करायचे, त्यामुळे ह्या फेरीला आयकाने गप्प बसावं म्हणजे पुढच्या फेरीला वाइसला मोठा वार करता येईल असला हिशेब सतत चालू असतो. मोठ्या शत्रूशी लढताना आपण हरायला लागलो की संगीत बदलतं, जिंकायला लागलो की परत बदलतं, आणि त्या बदलाला अंगावर काटा येतो. जहाजांच्या लढाया वेगळ्या, त्यात पुढच्या चालींचे रंग आधी दिसतात, लाल म्हणजे मार बसणार, तिथे आडोसा घे, हिरवं असेल तिथे तोफा डाग. लांबतात मात्र. चहा करून या.

दोष? आहेत की. ड्रीमकास्टवर तर चार पावलं टाकली की लढाई, परत चार पावलं की लढाई, डोकं उठतं. गेमक्यूबवर ते कमी केलंय पण तिथे गाण्यांचा आवाज जरा दबल्यासारखा येतो. जादूचे देखावे गाळता येत नाहीत, शंभराव्यांदा तेच बघायचं. मामेभाऊ दोन तासांत कंटाळला ते मी समजू शकतो. पण उत्तरार्धात जहाज ढगांच्या वर चढायला लागतं, तिथे कोणी अडवत नाही, आणि तेव्हा ह्या त्रासाचं उट्टं निघतं.

ह्या गेमच्या निर्मात्या रिएको कोडामा. १९८४ मध्ये सेगात चित्रकार म्हणून आल्या, सेगाच्याच १९८७ च्या फँटसी स्टार ह्या गेमची चित्रं त्यांची, पुढे त्याच मालिकेचा चौथा भाग त्यांनी दिग्दर्शित केला, आणि हे सगळं अशा धंद्यात जिथे बाया हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. मे २०२२ मध्ये त्या गेल्या. जगाला कळलं ऑक्टोबरमध्ये, सेगाच्या एका छोट्या मशिनच्या श्रेयनामावलीत त्यांना श्रद्धांजली वाहिलेली कोणाच्या तरी नजरेला पडली तेव्हा. त्या रात्री मी माळ्यावरून मशीन काढलं, ट्रान्सफॉर्मर आधी लावला, आणि वाइसला घेऊन परत त्या बेटावर गेलो.

तर बघा कुठे मिळाला तर. पहिल्या पिढीतलं निन्टेन्डो वी (Wii) मशीन कोणाकडे पडून असेल तर त्यातही गेमक्यूबची डिस्क चालते, फक्त डिस्क आणि मशीन एकाच प्रदेशाचं हवं, आणि गेमक्यूबचं मेमरी कार्ड वेगळं लागतं, ते विसरू नका, नाहीतर लाइट गेले की सगळं पहिल्यापासून.