मे महिन्याची दुपार आणि दोन प्रोसेसर : रायझन ५ ५६०० की कोअर आय ५-१२४००?

नमस्कार. मे महिना सुरू आहे, दुपारचे अडीच वाजले आहेत आणि आवाजाचा त्रास नको म्हणून खिडकीतला कूलर मी चित्रीकरणापुरता बंद ठेवला आहे. ही वेळ मुद्दाम निवडली आहे, कारण प्रोसेसरच्या चाचण्यांचे जे आकडे आपण वाचतो ते बहुधा वातानुकूलित खोलीत घेतलेले असतात आणि नागपुरात संगणक वापरणाऱ्या बहुतेकांच्या घरी मे महिन्यात तशी खोली नसते.

माझ्यासमोर २०२२ साली बाजारात आलेले दोन प्रोसेसर आहेत. एक एएमडीचा रायझन ५ ५६००, दुसरा इंटेलचा कोअर आय ५-१२४००. दोघांचेही कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र काम करणारी केंद्रे) ६, थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या मालिका) १२, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, आणि कागदावर दोघांपुढेही ६५ वॅट लिहिलेले असते. एवढे वाचून दोन्ही सारखेच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रायझनकडे ३२ मेगाबाइट एल-३ कॅश (सर्व कोअरची सामाईक, अतिवेगवान स्मृती) आहे, इंटेलकडे १८. उलट इंटेलच्या प्रत्येक कोअरला स्वतःची एल-२ कॅश सव्वा मेगाबाइट मिळते, तर रायझनच्या कोअरला अर्धा मेगाबाइट. शिवाय सारख्याच वेगात १२४०० चा कोअर थोडे अधिक काम उरकतो, म्हणून एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात तो पुढे राहतो. गेमच्या बाबतीत, ग्राफिक्स कार्ड एकच ठेवले तर, दोघांमधला फरक फारसा जाणवत नाही.

आता ६५ वॅटविषयी. इंटेलचा हा आकडा मूळ वेगाचा, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झचा आहे. टर्बोसाठी, म्हणजे त्याहून वाढवलेल्या वेगासाठी, इंटेलने स्वतःच ११७ वॅटची मर्यादा दिली आहे. सर्व कोअर एकदम कामाला लागले की १२४०० साधारण ४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि तापमानाची कमाल मर्यादा, म्हणजे १०० अंश, गाठेपर्यंत उष्णतेमुळे सहसा वेग सोडत नाही. रायझनची रीत वेगळी आहे. तो तापमान, वीज आणि कामाचा भार सतत पाहत २५-२५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वेग कमी-जास्त करतो, आणि त्याची तापमानाची मर्यादा ९० अंश आहे.

हा दहा अंशांचा फरक नागपुरात महत्त्वाचा का ठरतो, ते साध्या हिशेबाने पाहू. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश जास्त तापतो, हे अंतर त्याच पंख्यावर आणि त्याच भारावर जवळपास कायम राहते. समजा, २४ अंशांच्या खोलीत तो ७४ अंशांवर स्थिरावला, म्हणजे अंतर ५० चे झाले. तीच खोली ४० अंशांवर गेली की प्रोसेसर ९० वर पोहोचतो. इंटेलला तेथे अजून दहा अंशांची मोकळीक असते. रायझन मात्र मर्यादेला टेकतो आणि वेग उतरवू लागतो. म्हणून माझा आग्रह आहे की चाचणीच्या पहिल्या मिनिटाच्या गुणांवर तुलना करू नये. व्हिडिओ रेंडरिंगसारखे जड काम अर्धा तास सलग चालवावे आणि तिसाव्या मिनिटाचा वेग पाहावा.

हे अंतर धुळीमुळेही वाढते. मागच्या उन्हाळ्यात मी माझी कॅबिनेट उघडली तेव्हा कूलरच्या दमट हवेने ओली झालेली धूळ हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये जाड फेल्टसारखी बसली होती आणि त्या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. हीटसिंक सरळ वर ओढला, तर त्याला चिकटलेला रायझनही सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या खाचेतून, उपटून आला आणि कडेच्या तीन पिना वाकल्या. एएम४ च्या (रायझन ५६०० ज्यात बसतो त्या सॉकेटच्या) प्रोसेसरखाली केसासारख्या बारीक १,३३१ पिना असतात. इंटेलच्या पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसर वरून पत्र्याने दाबून धरलेला असतो, त्यामुळे तो असा उपटून येत नाही. रायझन वापरणाऱ्यांनी संगणक आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट नरम करावी, मग तो बंद करून वायर काढावी आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवावा. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर तर अजिबात ठेवू नये.

आता खरेदीकडे वळू. ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल तर प्रश्नच उरत नाही : ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. १२४०० मध्ये ते आहे, पण सीताबर्डीत खोका हातात घेताना नावापुढे ‘एफ’ नाही ना, हे तपासावे, कारण १२४०० एफ मध्ये तेही नसते. संपूर्ण संगणक नवा जुळवायचा असेल आणि खोलीत एसी नसेल, तर मी १२४०० घेईन.

ज्यांच्याकडे एएम४ चा बोर्ड आधीच आहे, त्यांनी मात्र बोर्ड बदलण्याचा खर्च करू नये. ५६०० घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून त्यावर सोबत येणाऱ्या पंख्यापेक्षा मोठा, टॉवर पद्धतीचा हीटसिंक बसवावा. बोर्ड जुना असेल तर त्याचे बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) आधी, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, अद्ययावत करून घ्यावे; नाहीतर बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखताच येणार नाही.