कोकणातल्या घरी पहिले प्रवाळ कोणते आणावे?

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पहिले प्रवाळ निवडताना बहुतेक जण रंग पाहतात; कोकणातल्या घरासाठी मी आधी त्याचा चिवटपणा पाहीन. प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतात, आणि पाणी फार काळ तापले की ती बाहेर टाकली जाऊन प्रवाळ पांढरे पडते. त्यामुळे टाकीचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. एप्रिल-मेमध्ये हे आपल्याकडे कठीण होते, कारण पाण्यावर पंखा लावून बाष्पीभवनाने गारवा मिळवण्याची युक्ती दमट हवेत फारशी चालत नाही. शक्य असल्यास चिलर, म्हणजे टाकीचे पाणी गार करणारे यंत्र, घ्यावा. आटलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या, आरओच्या पाण्यानेच करावी, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

कठीण प्रवाळे चुनखडीचा सांगाडा बांधतात आणि त्यासाठी पाण्यातील कॅल्शियम व क्षारता सतत स्थिर ठेवावी लागते. मऊ प्रकारांना ही काळजी पुष्कळ कमी असते. म्हणून सुरुवात मशरूम कोरलने करावी. त्याला मंद प्रकाश आणि संथ प्रवाह पुरतो, आणि फाटलेल्या तुकड्यातूनही नवे मशरूम वाढते.

त्यानंतर झोअँथिड, म्हणजे गटाने वाढणारे, फुलांसारखे दिसणारे छोटे मऊ जीव. मालवणच्या खडपांवर ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले त्यांचे भाऊबंद अंग मिटून ऊन सोसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यांचा काटकपणा वेगळा सांगायला नको. तरीही खडपावरून काहीही खरवडून आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कठीण प्रवाळांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळाचा तुकडाच विकत घ्यावा. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून हातमोजे व चष्मा घालूनच त्यांना हात लावावा आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये.

लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखे दिसणारे मऊ प्रवाळ, तिसरे. ते शेजाऱ्यांना मारक रसायने सोडते, म्हणून त्याला अंतर द्यावे आणि ती शोषून घेण्यासाठी फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन (कोळसा) ठेवावा. मधूनच ते कित्येक दिवस मिटून बसते आणि अंगावरची मेणचट साय टाकते. नवखा माणूस ते मेले असे समजून उपसून काढतो. प्रवाह थोडा वाढवावा, आणि ते पुन्हा उघडेपर्यंत त्याची जागा बदलू नये.