जखमेत पू नसला तर?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर पायात खिळा घुसला, की काही तासांत तिथं लाली, ठणका, सूज. सुजेला आपण शिव्या घालतो. आज मी तिची बाजू घेणार आहे.

सूज येते, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि पांढऱ्या पेशी जखमेशी पोचतात. पण रक्त तर धावत असतं, मग त्या नेमक्या तिथंच उतरतात कशा? ठाण्याला उतरायचं तर मुलुंड गेलं की दाराकडे सरकावं लागतं, तसंच. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं वर येतात. त्यांना चिकटत-सुटत पेशी भिंतीवरून गडगडत जाते, वेग मंदावतो. मग इशारा मिळताच तिच्या अंगावरची वाकलेली इंटेग्रिन प्रथिनं ताठ होतात आणि भिंतीला घट्ट धरतात. पेशी थांबते नि अस्तरातून वाट काढत बाहेर पडते.

हे चिकटणंच बिघडलं तर? काही बाळांत सीडी-18 हा इंटेग्रिनचा भाग जन्मतःच सदोष असतो. नाळ तीन-चार आठवडे झाले तरी गळत नाही. रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच चढलेला, आणि जखम मात्र कोरडी. पू म्हणजे बहुतांशी याच पेशी. त्या रक्तातच अडकून पडलेल्या. ‘पू नाही ना, मग बरंय’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. इथं ते साफ चूक. आजार तीव्र असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत जावं लागतं.

याच आजाराचा दुसरा प्रकार 1992 मध्ये नोंदला गेला. त्या मुलांचा रक्तगट निघाला बॉम्बे, तो अतिदुर्मिळ गट! हो, 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईत शोधलेला. या मुलांत फ्यूकोज ही साखर पेशीत जागेवर पोचत नाही, त्यामुळे नेहमीच्या रक्तगटाची खूणही बनत नाही आणि सिलेक्टिनला धरायला काही उरतच नाही. नुसता बॉम्बे गट असणाऱ्यांनी घाबरू नये. त्यांच्या पांढऱ्या पेशी ठणठणीत असतात.

उलट, मेंदू आणि मज्जारज्जूला ग्रासणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत पांढऱ्या पेशी नको तिथं शिरून दाह होतो. तिथं इंटेग्रिन अडवणारं नॅटॅलिझुमॅब अमेरिकेत 2004 मध्ये आलं, मेंदूतल्या विषाणूसंसर्गामुळे 2005 मध्ये थांबवलं, आणि पुढच्या वर्षी कडक अटींवर परतलं. पहारा उठवला की चोर शिरणारच. म्हणून मला 2014 मधलं व्हेडोलिझुमॅब जास्त शहाणपणाचं वाटतं: आतड्याच्या दाहासाठीचं हे औषध मुख्यतः आतड्याकडे निघालेल्या पेशींनाच अडवतं, मेंदूकडच्या पेशींच्या वाटेला जात नाही.