व्यापारबंदी : मागणी कोणाची, झळ कोणाला

मित्रहो, परदेशातील मानवी हक्कांसाठी व्यापारबंदीचे हत्यार उगारावे काय, या प्रश्नाचा कोल्हापुरात बसून विचार करताना मला आधी आपला ‘बहिष्कार’ हा शब्द आठवतो. गावाने एखाद्या घराला वाळीत टाकून त्याचे दुकान, पाणी आणि मजुरी तोडणे हाही बहिष्कार, आणि विदेशी कापडाची होळी करणे हाही बहिष्कारच. १९२० साली आपल्या माणगावात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली आणि जिला शाहू महाराज स्वतः हजर राहिले, ती पहिल्या प्रकारचा बहिष्कार पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्यांची होती. म्हणून कोणत्याही व्यापारबंदीविषयी मी आधी एवढेच विचारतो, की ती मागितली कोणी आणि तिची झळ कोणाला बसली.

दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, आणि तोही १९४६ साली, म्हणजे आपण अजून स्वतंत्र व्हायचे होतो तेव्हा. तेथील भारतीयांच्या जमिनीच्या हक्कांवर बंधने घालणारा कायदा हे त्याचे तात्कालिक कारण होते. पुढे १९५९ मध्ये तेथील गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनीच जगाला बहिष्काराचे आवाहन केले, आणि त्याचे हाल प्रथम आमच्याच लोकांना सोसावे लागतील, पण ती किंमत मोजायला आम्ही तयार आहोत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. माझ्या मते या एका गोष्टीने त्या बहिष्काराला जे नैतिक बळ दिले, ते कोणत्याही ठरावाने मिळाले नसते. सरकारे मात्र सावकाश हलली : सुरक्षा परिषदेची सक्तीची शस्त्रबंदी १९७७ मध्ये आली, आणि अमेरिकेचा निर्बंध कायदा अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून १९८६ मध्ये संमत झाला. त्याआधीच, १९८५ साली, परदेशी बँकांनी अल्पमुदतीच्या कर्जांना मुदतवाढ नाकारली आणि प्रिटोरियाच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या, सरकारला परतफेड थांबवावी लागली. उद्यमनगरात कारखाना चालवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. गिऱ्हाईक तुटले तर दुसरे शोधता येते, पण बँकेने हात आखडता घेतला की भट्टी थंड पडते.

इराकमध्ये यातले काहीच नव्हते. १९९० मध्ये निर्बंध लादले गेले ते कुवेतवरील आक्रमणामुळे. इराकी जनतेने ते मागितले नव्हते. औषधे आणि अन्न दुर्मिळ झाले, आणि शिधावाटप सरकारच्या हाती असल्याने लोक सद्दामवर अधिकच अवलंबून राहिले. संयुक्त राष्ट्रांचे तेथील मानवतावादी कामाचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच धोरणाच्या निषेधार्थ राजीनामा दिला.

बांगलादेशात तर कायदा व्हावाही लागला नाही. बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात रोखण्याचे विधेयक १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये मांडले गेले, आणि केवळ त्याच्या धास्तीने कापड कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकले. त्यांपैकी कित्येक मुले शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांकडे वळली. कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात मुलांच्या शाळेचा करार झाला तो १९९५ मध्ये, म्हणजे मुले रस्त्यावर आल्यानंतर.

माझी कसोटी अडते ती चीनमधील उइगुर मुसलमानांच्या शिनच्यांग प्रांतापाशी. जगातील सुमारे एक पंचमांश कापूस तेथे पिकतो. तेथील माल सक्तीच्या मजुरीतूनच आला आहे असे गृहीत धरून, तसे नसल्याचा पुरावा आयातदारानेच द्यावा, असा अमेरिकी कायदा जून २०२२ पासून लागू आहे. शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या उइगुर माणसाला ही बंदी हवी आहे का, हे त्याला मोकळेपणाने विचारण्याची सोय नाही. मागणी करतात ते देशाबाहेर पडलेले त्याचे आप्त. त्यांचा शब्द मी प्रमाण मानतो, पण लुथुलींचा शब्द मानताना मनाला जी खात्री वाटते, ती येथे वाटत नाही, हेही मला आपल्यापुढे मान्य केले पाहिजे.