लाल गाऊन आणि पदराच्या दशा
(निवेदन, फायनल कटप्रमाणे)

बादलीत हे जे लाल दिसतंय ना, तो साडीचा रंग आहे, जिचा मावशी गाऊन शिवणार होती. दुकानात छातीठोकपणे सांगितलं होतं, "कलर एकदम पक्का है, आँख मूँद के ले जाओ." मावशीने घरी आणून आधी साध्या गार पाण्यात टाकली आणि हे झालं. तिसऱ्या पाण्याला जरा शांत झाला. ती म्हणाली बरं झालं आत्ताच गेला, नाहीतर अस्तराला लागला असता आणि मग मी कुणाकुणाला तोंड दिलं असतं. अस्तर तिने पांढरं आणलेलं, ते बदलून लाल आणलं.

हे इंदूर, रामबाग. मावशीची ही मागची खोली. मशीन पायाचं आहे, मोटर नंतर बसवलेली, पण बारीक कामाला ती अजून पायच चालवते.

झालं असं की माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्नात नऊवारी, त्यात काही वाद नव्हता, रिसेप्शनला गाऊन. आता गाऊन म्हटलं की सगळ्या मुलींच्या फोनमध्ये तेच फोटो असतात, सिंड्रेलाचा निळा नाहीतर तो पिवळा घेरदार, आणि शीतलामाता बाजारात तसे तयार टांगलेलेही असतात, चकचकीत सॅटिनचे. हिने काय सांगावं? "मावशी, मला वसंतसेना कर."

वसंतसेना म्हणजे शूद्रकाच्या मृच्छकटिकातली, उज्जयिनीची गणिका. आपल्याकडच्या जुन्या लोकांना देवलांच्या संगीत मृच्छकटिकातून माहीत असते. उज्जैन इथून तास-सव्वा तासाचा रस्ता आहे, म्हणजे ही तर जवळजवळ आपल्या गावचीच मुलगी. बहीण संस्कृतवाली, तिने पहिल्या अंकाचं पान उघडून मावशीसमोर ठेवलं. वसंतसेना अंधारात पळतेय, मागे शकार (राजाचा मेहुणा) आणि विट (त्याचा सोबती) लागलेत, आणि तो विट पळताना तिचं वर्णन करतो (ही पण एक तऱ्हाच, पाठलाग करायचा आणि वर कविता करायची), त्यात दोन शब्द आहेत. रक्तांशुक, म्हणजे लाल रेशमी वस्त्र. आणि पवनलोलदश, म्हणजे ज्याच्या दशा वाऱ्यावर हलतायत असं.

दशा म्हणजे ग्रहदशा नाही. कापडाच्या टोकाला जे न विणलेले सुटे दोरे राहतात ना, ती दशी. मावशीला हा शब्द समजवावा लागला नाही, तिने लगेच कपाटातली जुनी साडी काढून पदराचं टोक दाखवलं, हे बघ दशा. सगळा गाऊन तिथून सुरू झाला, टोकाकडून.

(दृश्य: महेश्वरचा घाट, मग माग. संगीत जरा कमी.)

घाटाचं शूट आमच्याकडे भरपूर आहे म्हणून इथे थोडं जास्त थांबतो, आणि थांबायलाच हवं. हे महेश्वर, साडी इथलीच, इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ इथून कारभार केला आणि त्यांनीच बाहेरून विणकर आणून वसवले. साडीच्या काठावर जी नक्षी येते, चटई, वीट, हिरा, ती किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेली. म्हणजे ज्या दगडावर बसून तुम्ही फोटो काढता तोच काठात असतो.

आता मागाकडे बघा. उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा सुताचा, त्यामुळे कापड हलकं राहतं आणि तरी चमकतं. अर्धंच रेशीम, त्यामुळे शूद्रकाचं अंशुक म्हणाल तर अर्धंच झालं, पण आमच्या बजेटचंही तेवढंच होतं. काठ असा विणतात की दोन्ही बाजू चालाव्यात, त्याला बुगडी म्हणतात. आणि हा पदर, पाच पट्टे, तीन रंगीत दोन पांढरे. साडी मागावरून उतरली की टोकाला ताण्याचे रेशमी दोरे लोंबतात, बहुतेक लोक तिथे गोंडे करून घेतात नाहीतर कापूनच टाकतात. मावशी म्हणाली हात लावू नका, असंच द्या. विणणारी बाई हसली. दोन साड्या घेतल्या, दोन्ही एकाच लाल रंगाच्या, साडेअकरा हजार.

(दृश्य: जमिनीवर पसरलेली साडी, खडू, टेप.)

हा भाग मला सगळ्यात आवडतो. गाऊन म्हणजे कळ्या (वर अरुंद, खाली रुंद असे तुकडे), गोल घेर, हे डोक्यातून काढायचं. काठ सरळ असतो, त्याला गोलाकार वळवता येत नाही, कळ्या पाडल्या तर काठाचे तुकडे होतात. मग मावशीने साडी आडवी वापरली. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, भिजवल्यावर ४६ इंच राहिला. बहिणीची कमर ते जमीन, हील घालून, ४२. म्हणजे चार इंच जास्त. वरचा काठ साडेतीन इंचाचा, तो कापून वेगळा, उरलेला अर्धा इंच कमरेच्या शिलाईत. बरोबर बसलं! खालचा काठ तळाला आला, त्याला दुमडायचंही काम नाही, किनार विणकराने आधीच पक्की केलेली. साडेचार मीटरचा घेर, खोल चुण्या घालून २९ इंचाच्या कमरेत आणला. आणि तो कापलेला काठ? गळ्याला, बाह्यांना आणि कमरेच्या पट्ट्याला. कात्रीने फेकायला जवळजवळ काही ठेवलं नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय कारण तयार गाऊनच्या वर्कशॉपमध्ये किती कापड झाडून टाकतात ते एकदा बघा.

वरचा भाग मात्र छळ होता. हातमागाचं कापड अंगासरशी घट्ट शिवलं की टिपेजवळ धागे सरकतात, फट दिसायला लागते. म्हणून आधी मांजरपाटाचा ट्रायल, एकदा नाही दोनदा, मग प्रत्येक भागाला मागून अस्तर धावदोऱ्याने जोडून दोन्ही एकच कापड समजून शिवायचं. बोन, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या ताठ पट्ट्या, टाकलेत ते फक्त अस्तरात, ताण सगळा अस्तरावर, महेश्वरी वर नुसती निवांत. आतला कॅनकॅन (घेर फुगवणारी ताठ जाळी) काठाच्या दहा इंच वर थांबवला म्हणजे काठ स्वतःच्या वजनाने पडतो.

आईचा हट्ट होता थोडे स्टोन तरी लाव गं, रिसेप्शन आहे. मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ताई, ती दागिने उतरवून ठेवते ना नाटकात." खरं आहे. आधी तिच्या प्रियकराच्या, चारुदत्ताच्या घरी ठेवायला देते, मग त्याच्या मुलाच्या मातीच्या गाडीत भरून टाकते. तर स्टोन नाहीत. आई दोन दिवस बोलली नाही, ते शूट नाहीये.

(क्लोजअप: बोटं आणि दशा. इथे १५ सेकंद निवेदन नाही.)

दुसऱ्या साडीतून वरचा भाग निघाला आणि हा अडीच मीटरचा पदर, डाव्या खांद्यावर चुण्या घालून अडकवलेला, मागे मोकळा. दशा तशाच सोडल्या असत्या तर चार पावलांत उसवत गेलं असतं, म्हणून दहा-दहा दोरे मोजून, बोट ओलं करून पीळ द्यायचा आणि अगदी विणीला टेकवून गाठ. गोंडा नाही, नुसती गाठ, खाली दोरे मोकळे. पहिली ओळ तिने दोनदा सोडली कारण गाठी एका रेषेत नव्हत्या. दोन संध्याकाळी गेल्या यात. लांबी एवढी ठेवली की टोक हातात घेता यावं, कारण त्याच अंकात वसंतसेना चारुदत्ताच्या दारातला दिवा वस्त्राच्या टोकाने विझवते. हॉलमध्ये सगळे एलईडी, पण तरी.

शिलाई मावशीने घेतली नाही. चष्म्याचा नंबर वाढला, पाठ अजून दुखते, आणि आता तीन मुली अशाच गाऊनचं विचारायला येऊन गेल्यात, त्यांना काय भाव सांगायचा ते ठरत नाहीये.

(शेवटचं दृश्य: हॉलचं दार.)

स्टेजवरचे फोटो फोटोग्राफरकडे आहेत, आमच्याकडे एवढंच आहे. दाराशी मोठा कूलर लावलेला, बहीण आत येतेय, मावशी मागून पदर धरून. इथे मावशी पदर सोडते. दशा बघा.

(निवेदन बंद. कूलरचा आवाज तसाच ठेवायचा.)